घटक क

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या धनेंद्र रहांगडालेला गुण देण्याची खोड होती, आणि ती त्याला नोकरीने लावली होती. वीस वर्षं तो एका राइस मिलमध्ये तांदूळ पारखायच्या कामावर होता. पोत्यात परखी खुपसायची, मूठभर दाणे काढून ताटलीत पसरायचे, तुकडा किती, डाग किती, ओल किती ते बघायचं आणि कागदावर आकडा लिहायचा. होता होता त्याला ताटलीचीही गरज उरली नाही. लग्नातली वांग्याची भाजी साडेसहा. साडूचं नवं घर सात, जिना अरुंद म्हणून अर्धा कमी. नागऱ्याच्या जत्रेतली जिलेबी आठ. बायकोच्या, म्हणजे भूमेश्वरीच्या वरणाला त्याने बावीस वर्षांत साडेसातच्या वर जाऊ दिलं नव्हतं, आणि हे आपण तिच्याच भल्यासाठी करतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

पुढचा सगळा प्रकार धनेंद्र आता स्वतःच लोकांना सांगतो, आणि सांगताना स्वतःची बाजू घेण्याची एकही संधी साधत नाही.

धनेंद्र प्यायचा, पण चोरून. महिन्यातून एकदा मित्राच्या, यादोराव कापगतेच्या आंब्याच्या वाडीत जायचं, स्टीलच्या ग्लासात व्हिस्की आणि बोअरचं पाणी घ्यायचं, तोंड वाकडं करून ते संपवायचं आणि घराच्या फाटकापाशी उभं राहून पेरूची पानं चावायची. पानं चावणारा माणूस काय करून आलाय हे सगळ्या गल्लीला कळत असे. गेल्या दिवाळीत मुलगी ओमेश्वरी हैदराबादहून आली होती. तिने बापाला फाटकापाशी शेळीसारखं चरताना पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "त्या पेरूले तरी जगू द्या. घरी बसा, आईसमोर बसा, चवीनं प्या अन् दोनच प्या."

मार्च संपता संपता तिच्याकडून कुरिअरने एक खोकं आलं. आत झाकणाचा स्टीलचा शेकर, दोन्ही बाजूंनी मोजता येईल असं छोटं माप आणि छापलेली एक यादी : उन्हाळ्यातली बारा कॉकटेल. शेजारच्या नंदाबाईने काय आलं म्हणून विचारलं, तर भूमेश्वरीने पापणी न हलवता सांगितलं, "ताक घुसळाचं नवं मशीन."

भूमेश्वरी अंगणवाडी सेविका होती. तिने अटी घातल्या. फक्त शनिवारी. दोन ग्लास. संध्याकाळी, जेवणाच्या आधी. दाराला कडी लावायची नाही. आणि शेवटची अट : "माह्याकडे लेकरांच्या मायबाया येतात. दारू हा शब्द लिहिलेला कागद घरात दिसला नाई पायजे."

धनेंद्रने सगळं मान्य केलं. खरं तर त्याला पिण्यापेक्षा त्या कागदाचंच जास्त पडलं होतं. बारा प्रकार, पारखून, रकाने आखून, गुण देऊन! मिलच्या तक्त्यासारखाच त्याने एक तक्ता आखला. नमुना क्रमांक, घटक, रंग, वास, चव, घोट गेल्यावर काय वाटतं, एकूण गुण, शेरा. दारूच्या जागी काय लिहावं यावर तो थोडा अडला. तांदळाच्या तक्त्यात कणीसाठी 'क' असायचा, हाताला तीच सवय. त्याने लिहिलं : घटक क, ४५ मिली.

यादीतल्या अर्ध्या वस्तू गोंदियात मिळेनात. वर्माउथ म्हणून काही लागत होतं. धनेंद्रने दुकानात विचारलं, "भैय्या, वर्माउथ है क्या?" काउंटरवरचा माणूस म्हणाला, "वर्मा साहब का तो ट्रान्सफर हो गया." तेव्हा धनेंद्रने आपल्या अकलेने बदल केले. टकीलाऐवजी व्होडका. टॉनिक वॉटरऐवजी सोडा आणि कारल्याचा एक थेंब. रोझमेरीच्या काडीऐवजी तो तुळशीपाशी गेला, पण भूमेश्वरी मागे येऊन उभी राहिली होती. "हात लावून पाहा फक्त," ती म्हणाली. मग कुंडीतलं ओव्याचं पान घेतलं. त्या ग्लासाला सर्दीच्या औषधाचा वास आला आणि चवही तीच लागली. नमुना दोन, गुण चार.

चवीचा दुसरा साक्षीदार म्हणून यादोराव दर शनिवारी यायचा. तो कोहळी समाजातला, तलाव बांधणाऱ्या घराण्यातला, निवृत्त ग्रामसेवक आणि कशालाच नाही न म्हणणारा. त्याला नमुना एक ते सात सगळे "मस्त" वाटले. धनेंद्र चिडायचा.

"अबे, मस्त म्हणजे किती?"

"मस्त म्हणजे मस्त गा. आकडा कायले पायजे?"

तिसऱ्या शनिवारी धनेंद्रने सोडा शेकरमध्येच ओतला, झाकण लावलं आणि चित्रफितीत पाहिलं होतं तसा खांद्याजवळ नेऊन जोरजोरात हलवला. झाकण उडालं ते थेट पंख्याला लागलं. कलिंगडाचा लाल रस यादोरावच्या पांढऱ्या बुशर्टावर, भिंतीवर आणि कूलरच्या जाळीतून आत गेला. आठवडाभर त्या कूलरमधून कलिंगडाची झुळूक येत होती. यादोराव छातीवरचा डाग न्याहाळत म्हणाला, "आमच्या पूर्वजांनी गावोगावी पानी अडवलं बापा. तुले एका डब्यातलं नाई अडवता आलं."

पण सातवा नमुना जमला. उकडलेल्या कैरीचा गर, पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ, थोडा गूळ आणि घटक क म्हणून जिन. बाहेर भिंती अजून तापलेल्या होत्या. धनेंद्रने पहिला घोट घेतला. मग उठून तक्त्यापाशी गेला आणि आयुष्यात क्वचित लिहिला असेल असा आकडा त्याने लिहिला : साडेआठ. शेरा : 'दुसरा ग्लास मागावासा वाटतो. अंग हलकं होतं.'

त्या आनंदात त्याने तक्त्याचा फोटो काढला आणि ओमेश्वरीला पाठवला. निदान त्याची तशी समजूत होती. ओमेश्वरीच्या नावाखालीच समाजाचा सहाशे बारा माणसांचा ग्रुप होता, आणि अंगठा जाडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशोराव बिसेनांचा फोन आला. केशोराव म्हणजे समाज मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. गावोगाव फिरून दारूविरुद्ध बोलणारा माणूस. कुणाच्या वरातीत बाटली दिसली तर जेवण न करता परत जाणारा. फोनवर त्यांचं नाव पाहून धनेंद्र खाटेवरून उठून उभाच राहिला.

"धनेंद्रभाऊ," केशोराव म्हणाले, "तुमचा तो तक्ता पाहिला मी."

"जी," धनेंद्र म्हणाला.

"रात्री दोनदा वाचला. शरबतावर एवढा अभ्यास! रंग, वास, चव, वेगवेगळे गुण! आपल्या समाजात असं काम करणारा मानूस आहे अन् आमाले मालूम नाई?"

धनेंद्र आणखी ताठ उभा राहिला. तो नुसता "जी" म्हणाला.

"येत्या पंधरा दिवसांत दवनीवाड्याले आपला सामूहिक विवाह आहे. एकवीस जोडपी, दीड हजार मानूस, अन् हे असं ऊन. तुमचा तो सात नंबर ठेवू आपन. तुमीच लिहिलं ना, अंग हलकं होते म्हनून? या उन्हात हेच पायजे! शरबताची सारी जबाबदारी तुमच्यावर." आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "हां, ते घटक क म्हणजे काय जी?"

"ते... ते सांगतो भाऊजी," धनेंद्र म्हणाला. "प्रत्यक्ष भेटल्यावर."

ग्रुपवर तोवर तर्क सुरू झाले होते. कुणी कोकम म्हणालं, कुणी केवडा, कुणी कापूर. कैलाश नावाच्या एका मेडिकल दुकानदाराने ठासून लिहिलं होतं की हे कॅल्शियम आहे आणि उन्हाळ्यात ते गरजेचंच आहे. धनेंद्रने फोन भूमेश्वरीच्या हातात दिला आणि डोकं धरून बसला. तिने सगळं वाचलं, मग तोंडावर पदर घेतला. ती रडते आहे असं वाटून धनेंद्र घाबरला. पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"पंचेचाळीस मिली कॅल्शियम," ती म्हणाली आणि पुन्हा हसू लागली.

हसून झाल्यावर ती कामाला लागली. अंगणवाडीत रोज चाळीस लेकरांचा आहार शिजवणाऱ्या बाईला दीड हजारांचा हिशेब धनेंद्रपेक्षा आधी समजला. कैऱ्या किती, गूळ किती, पाणी किती, शरबताची पातेली, म्हणजे गंज, किती मोठे. तिने घटक क वगळून एक छोटा गंज केला आणि नवऱ्यापुढे ग्लास ठेवला.

"साडेसहा," धनेंद्र म्हणाला.

"काऊन?"

"काहीतरी कमी आहे."

"काय कमी आहे?"

काय कमी आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. तिने जिरं वाढवलं. साडेसहा. पुदिना चुरडून टाकला. पावणेसात. आलं टाकलं, तर सहा. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ती पदर खोचून त्याच्यासमोर बसली.

"तुमी नुसता आकडा सांगता. बावीस वर्षं आयकून राहिली मी. वरन साडेसात, भाजी सात. बाकीचं कुठं गेलं ते एकदाही नाई सांगितलं. आज सांगा. डोळे बंद करा अन् सांगा, तोंडात कुठं कमी लागते?"

धनेंद्रने डोळे मिटले. आपल्याला खरंच कधी कुणी असं विचारलं नव्हतं, आणि आपणही स्वतःला विचारलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. तांदळात तुकडा दिसतो, तो मोजता येतो. चवीत काय मोजत होतो आपण? वीस वर्षं हवेतून आकडे काढत होतो की काय? तो बराच वेळ घोट तोंडात धरून बसला.

"मागे," तो शेवटी म्हणाला. "घोट गेल्यावर. गोड लागते अन् तिथंच संपते. मागून थोडं कडू यायला पायजे. अगदी थोडं."

"एवढंच ना? मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

ती उठून मागच्या अंगणात गेली. कडुनिंब फुलोऱ्यावर होता, खाली पांढरा सडा पडलेला. तिने सुपात झाडाखालची नाही, फांदीवरची फुलं घेतली, तव्यावर कोरडी भाजली, चुरली आणि गंजात चिमूटभर टाकली. धनेंद्रने घोट घेतला. कैरीचा आंबटपणा आला, गूळ आला, पुदिना आला, आणि सगळं गेल्यावर जिभेच्या मागे कडवट, स्वच्छ अशी एक रेघ राहिली.

"नऊ," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही, थांब." आणि त्याने ग्लास रिकामा केला.

भूमेश्वरीने मात्र त्याच क्षणी दुसरी गोष्ट हेरली होती. "अन् केशोरावभाऊजीनं विचारलं तर सांगा," ती म्हणाली, "क म्हणजे कडुनिंब."

धनेंद्रला वाटलं, आपण वाचलो. केशोरावांना फोन करून त्याने छाती पुढे काढून सांगितलंही. केशोराव खूश झाले. ग्रुपवर कडुनिंबाच्या गुणांवर लांबलचक मजकूर आला. कैलाशने आपला कॅल्शियमचा संदेश गुपचूप पुसला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव बघायला धनेंद्र दवनीवाड्याला गेला, तेव्हा केशोरावांनी त्याला खुर्ची ओढून बसवलं.

"एक ठरवलं आहे आमी," ते म्हणाले. "उद्या मंचावर तुमाले शाल-श्रीफळ. अन् तीन मिनिटं बोलाचं. व्यसनमुक्तीवर."

"माह्या बोलन्यात काय आहे भाऊजी?" धनेंद्र घाबरून म्हणाला.

केशोरावांनी आपली खुर्चीही जवळ ओढली. "माहा लहान भाऊ होता, शालीकराम. तुमी पाहिला नसन. अडतिसाव्या वर्षी गेला. चांगला होता जी. लोकं जमले की त्याच्या हातात काहीतरी ग्लास लागे, बस. सुरुवात तिथून झाली. तुमचा तक्ता वाचला तवा मले वाटलं, त्या टायमाले कोनी एवढ्या हौसेनं त्याले शरबत करून दिलं असतं... एवढं प्रेमानं, गुण देऊन देऊन..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "म्हनून तुमीच बोला."

धनेंद्र घरी आला तो जेवला नाही. भूमेश्वरीने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले जे वाटन ते करा. मी कडुनिंब शिकवला, पुढचं नाई शिकवत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात गर्दी मावत नव्हती. अक्षता पडल्या आणि लोक शरबताच्या टेबलांकडे वळले. भूमेश्वरी आणि अंगणवाडीच्या पाच बाया भराभर ग्लास भरत होत्या. माणसं एक ग्लास घेत, दोन पावलं जात, थांबत आणि परत फिरत. एका नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून तीन ग्लास घेतले. एका आजोबांनी मात्र पहिलाच घोट घेऊन ग्लास खाली ठेवला आणि "कडू हाय" म्हणून निघून गेले. एरवी धनेंद्रने त्यांच्या मागे जाऊन समजावलं असतं. आज त्याचं लक्ष मंचाकडे होतं. तिथे ताटात एक भगवी शाल घडी करून ठेवली होती.

त्याने केशोरावांना मांडवामागे पाण्याच्या टँकरपाशी गाठलं.

"भाऊजी, शाल नोको," तो म्हणाला. "घटक क कडुनिंब नोयतं. कडुनिंब मागून आला. त्या तक्त्यात होती ती दारू. सातही नमुन्यात. मी दर शनिवारी घरी पेतो अन् गुण देतो. फोटो चुकून गेला तुमाले."

टँकरच्या तोटीतून थेंब पडत होते. मंचावरून कुणीतरी धनेंद्रचं नाव पुकारलं.

"कायले सांगितलं?" केशोराव म्हणाले. "मले तर समजलं नसतं."

"शालीकरामभाऊचं तुमी सांगितलं, त्याच्यानंतर नाई जमत."

"किती पेता?"

"दोन. शनिवारी. बायकोसमोर."

"शालीकही दोनच सांगे," केशोराव म्हणाले.

मंचावरून पुन्हा नाव आलं. केशोरावांनी उपरण्याने चेहरा पुसला. "मंग हे शरबत? हे कोनाचं?"

"भूमेश्वरीचं. सारं तिचं. कडुनिंबही तिचाच. मी फक्त आकडे सांगून राहिलो होतो."

केशोराव मंचाकडे गेले. माइक हातात घेऊन त्यांनी सांगितलं की नावात चूक झाली, सत्कार सौ. भूमेश्वरी रहांगडाले यांचा आहे. भूमेश्वरी ओल्या हातांनीच वर गेली. शाल खांद्यावर पडली तशी तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू कुणी परत घेईल. दोन शब्द बोला म्हटल्यावर तिने माइक तोंडाच्या फारच जवळ नेला.

"शरबत मी केलं," ती म्हणाली. "यायनं मार्क देले. पन एक डाव यायनं डोळे बंद करून सांगितलं का काय कमी आहे. तवा जमलं. तुमीबी घरी असंच सांगत जा जी, नुसते मार्क नोका देऊ."

बायांच्या बाजूने आधी हसू उठलं आणि मग टाळ्या. पुरुषांच्या बाजूला सगळ्यात जोरात टाळ्या यादोराव वाजवत होता. हात दुखेपर्यंत वाजवून तो धनेंद्रला म्हणाला, "मस्त!"

दोन वाजायच्या आत गंज रिकामे झाले. केशोराव जाताना भूमेश्वरीला नमस्कार करून गेले, धनेंद्रकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याचं त्याला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. त्यांनी पाठीवर थाप मारली असती तर ती त्याला पेलली नसती.

पुढचे दोन शनिवार शेकर फळीवरून खाली आला नाही. यादोराव येऊन पंख्याखाली बसायचा आणि काही न विचारता चहा पिऊन जायचा. तिसऱ्या शनिवारी धनेंद्रने एक ग्लास केला, त्याने आणि यादोरावने तो अर्धा अर्धा घेतला. तक्ता काढला नाही. उरलेले पाच प्रकार तसेच राहिले, आणि त्यातला वर्माउथवाला कसा लागला असता याची हुरहूर त्याला अजूनही आहे.

वर्ष गेलं. यंदाच्या विवाहाची बैठक होती. केशोरावांनी कामांची यादी वाचून दाखवली. मांडव, जेवण, बँड. मग त्यांनी चष्मा वर केला. "शरबत प्रमुख, सौ. भूमेश्वरी रहांगडाले." आणि किंचित थांबून, खालच्या सुरात, पण वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत ते म्हणाले, "बर्फ फोडने, धनेंद्र रहांगडाले."

"जी," धनेंद्र एवढ्या मोठ्याने म्हणाला की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली.